वाई की महेश्वर? नदीकाठच्या निवांत मुक्कामाची निवड

कृष्णेकाठची वाई आणि मध्य प्रदेशातले नर्मदेकाठचे महेश्वर, दोन्हीकडे घाटाच्या पायरीवर बसून अख्खी संध्याकाळ घालवता येते. तेवढ्यासाठीच तिथे जावे. नवखा माणूस वाईत खोली घेतो आणि महाबळेश्वर, पाचगणी, प्रतापगड उरकत बसतो. नाहीतर महेश्वरला एक रात्र टेकतो आणि ओंकारेश्वर, मांडू, उज्जैन असा फेरा मारतो. अशा सहलीत गाव झोपण्यापुरते उरते आणि नदी गाडीच्या काचेतून दिसते तेवढीच. ज्यांना मुक्काम हलवायचा नाही, रोज सकाळ-संध्याकाळ त्याच घाटावर जायचे आहे आणि दोन्हींपैकी कुठे जावे हे ठरत नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. खाली ज्या क्रमाने लिहिले आहे, त्याच क्रमाने ठरवत गेलात तर बहुतेकांचा निर्णय तिसऱ्या पायरीलाच होतो.

१. आधी रात्री मोजा

सुट्टी किती दिवसांची हे विचारू नका, गावात सलग किती रात्री मिळतील ते पाहा. जाण्याचा आणि येण्याचा दिवस धरायचा नाही. निवांतपणा दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कुठे सुरू होतो. पहिला दिवस ओळख होण्यात जातो.

पुण्याहून वाई सुमारे ८५ ते ९० किलोमीटर. खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाट्याला महामार्ग सोडायचा. या वाटेवर खेड-शिवापूरचा टोल लागतो, आनेवाडीचा लागत नाही, कारण तो फाट्याच्या पुढे आहे. सकाळी सहाला निघालात तर साडेआठच्या आत वाईत पोहे खात असता. स्वतःची गाडी नसेल तर स्वारगेटहून थेट वाईची एसटी आहे. शिवाय पुणे-महाबळेश्वर गाड्या वाईतूनच जातात, त्यामुळे बराच वेळ ताटकळावे लागत नाही. रेल्वेचा विचार सोडून द्या. जवळचे वाठार स्टेशन तीसेक किलोमीटरवर आहे आणि तिथून पुढे वाहन शोधण्यातच वेळ जातो.

महेश्वरचे गणित वेगळे. इंदूर ते महेश्वर ९० ते ९५ किलोमीटर, वाटेत धामनोद, आणि धामनोदहून पुढे १३ किलोमीटर. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी अवंतिका एक्स्प्रेस सकाळी इंदूरला पोचवते. पुण्याहूनही इंदूरला थेट गाडी आहे. स्टेशनवरून टॅक्सीने दोन ते अडीच तास लागतात. बसने गेलात तर धामनोदला बदलावी लागण्याची तयारी ठेवा आणि तीन तासांहून जास्त वेळ धरा. मध्य प्रदेशात बहुतेक बस खासगी आहेत. आपल्या एसटीसारखे ठरलेले फलाट आणि वेळापत्रक मिळेल असे समजू नका. चढण्याआधी वाहकाला ‘महेश्वरच्या बसस्थानकापर्यंत जाते का’ असे स्पष्ट विचारा. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. दिवाळीनंतरच्या आठवड्यांसाठी पहिल्याच दिवशी तिकीट काढलेले बरे.

स्वतःच्या गाडीने नाशिक, धुळे, शिरपूर, सेंधवा, ठीकरी, खलघाट, धामनोद असा मुंबई-आग्रा रस्ता धरायचा. पुण्याहून हे अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरते. सेंधव्याच्या अलीकडच्या बिजासन घाटात अवजड ट्रकांची रांग लागते, म्हणून तो घाट दिवसाउजेडी ओलांडावा. खलघाटच्या पुलावर पहिल्यांदा नर्मदा दिसते.

इंधनाचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी असेल तर पुणे-वाई जाऊन-येऊन १२ लिटर लागते, पुणे-महेश्वर जाऊन-येऊन ७३ लिटरच्या आसपास. चौघे जण असाल तरी रेल्वे आणि पुढे टॅक्सी हाच महेश्वरचा शहाणा मार्ग. तिथे गेल्यावर गाडीचे काम पडत नाही.

म्हणून नियम साधा आहे. हातात दोन रात्री असतील तर वाई. महेश्वरला किमान तीन रात्री हव्यात, म्हणजे घरून घरी पाच दिवस. तीन दिवसांच्या जोडसुट्टीत महेश्वर बसवू नका. त्यात दोन रात्री रेल्वेत आणि जेमतेम एक घाटावर मिळते.

२. महिना पाहा, कारण दोन्ही नद्या वर्षभर सारख्या नसतात

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ दोन्हीकडे चांगला. बाकीच्या महिन्यांत मात्र फरक पडतो.

महेश्वरचे घाट नर्मदेच्या उत्तर काठावर आहेत, म्हणजे त्यांचे तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा एकाच पायरीवर बसून डाव्या हाताला उगवता आणि उजव्या हाताला मावळता सूर्य पाण्यावर दिसतो आणि दगड दिवसभर कोमट राहतो. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात हेच हवे असते. पण त्याच कारणाने मार्चपासून घाट तापू लागतात. एप्रिल-मे मध्ये निमाडचा, म्हणजे या भागाचा, उन्हाळा असह्य असतो, पारा ४० च्या बराच वर जातो, आणि सकाळी दहानंतर अनवाणी पाऊल दगडावर टेकवत नाही. एप्रिल ते जून महेश्वर नको. पावसाळ्यात नर्मदा फुगते, गढूळ होते, नावा बंद राहतात आणि खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. नुसती भरलेली नदी वरून पाहायची असेल तर ऑगस्टमध्ये जा. घाटावर बसायला मिळेल याची खात्री धरू नका.

वाई डोंगरांच्या कुशीत आहे. पश्चिमेला पसरणी घाटाची आणि पाचगणीची रांग, जवळच पांडवगड. त्यामुळे सूर्य लवकर डोंगराआड जातो आणि संध्याकाळ लांबते. जून ते सप्टेंबर वाईचा परिसर हिरवागार असतो. खोलीच्या खिडकीत बसून पाऊस बघायचा असेल तर वाईला तोड नाही. मात्र वर धोम धरण आहे. धरण भरत आले की पाणी सोडतात आणि घाट बुडतात. सोडण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो, तो ऐकून पायरीवरून उठायचे. उन्हाळ्यात उलट गोष्ट घडते. एप्रिल-मे मध्ये पात्रात पाणी कमी उरते, जिथे साचते तिथे शेवाळे आणि जलपर्णी धरते, वास येतो. नदीसाठीच जायचे असेल तर तेव्हा वाईतही निराशा होईल. त्या दिवसांत धोमच्या जलाशयाकाठी राहणे हा पर्याय आहे, पण मग ते घाटाचे गाव राहत नाही.

तारीख ठरवण्याआधी पंचांग उघडा. कॅलेंडरवरच्या लाल तारखांपेक्षा तिथी जास्त महत्त्वाची. वाईत संकष्टीला आणि विशेषतः अंगारकीला ढोल्या गणपतीसमोर रांगा लागतात. पौष पौर्णिमेला मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा असते आणि वाईवरून जाणारे रस्ते भरून वाहतात. रंगपंचमीला बावधनचे बगाड असते. ते पाहायलाच जाणार असाल तर उत्तम, नाहीतर तो दिवस टाळा. महेश्वरला अमावास्या, पौर्णिमा, नर्मदा जयंती म्हणजे माघ शुद्ध सप्तमी, महाशिवरात्र आणि श्रावणातले सोमवार या दिवशी स्नानाला लोटलेली गर्दी असते. शनिवार-रविवारी इंदूरचे लोक येतात. दोन्ही गावांसाठी सोमवारी पोचून गुरुवारी निघणे हा सर्वांत चांगला आराखडा. वाईत तर शनिवारी सकाळी महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्या पसरणी घाटाच्या पायथ्यापर्यंत तुंबतात आणि त्यांचा आवाज गावात ऐकू येतो.

गर्दी टाळण्याच्या सल्ल्याला वाईत एक अपवाद आहे, कृष्णाबाईचा उत्सव. माघापासून पुढे वाईच्या सात घाटांवर एकामागून एक हे उत्सव होतात: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती तिथे आणून बसवतात, कीर्तने होतात, प्रसादाच्या पंगती उठतात. हा उत्सव त्या त्या आळीच्या लोकांचा, घरगुती वळणाचा. बाहेरचा पाहुणा शांतपणे मागे बसला तर कुणी उठवत नाही. त्या काळात वाईला जायला मिळाले तर दोन रात्रींच्या तीन करा.

३. सोबत कोण आहे?

गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील तर पायऱ्यांचा विचार सगळ्यात आधी. वाईत ढोल्या गणपतीच्या देवळापर्यंत फारसे चढ-उतार न करता जाता येते. देऊळ घाटालगतच आहे आणि रस्ता जवळ येतो. महेश्वरला किल्ला आणि राजवाडा उंचावर, नदी खाली. मधल्या पायऱ्या दगडी, उंच आणि बऱ्याच आहेत. तरण्या माणसाला ते काहीच नाही, पण सत्तरीच्या माणसाला दिवसातून दोनदा चढणे जमत नाही. यावर उपाय असा: दिवसातून एकदाच खाली उतरायचे, तेही चार-साडेचारला. घाटावर संध्याकाळ घालवायची, आरती झाली की मधल्या टप्प्यांवर थांबत थांबत वर यायचे. तेही जमणार नसेल तर नदीच्या पातळीजवळची खोली घ्या किंवा सरळ वाई निवडा.

लहान मुले असतील तर दोन्हीकडे एकच नियम: पाण्याजवळच्या शेवटच्या तीन पायऱ्यांवर मुलाचा हात सोडायचा नाही. बुडालेल्या पायरीवर शेवाळे असते, आणि तिच्यापुढे पाणी एकदम खोल होते.

एकटे वाचायला, लिहायला जाणार असाल तर कल महेश्वरकडे झुकतो. तिथे हिवाळ्याची दुपारही घाटावर बसण्यासारखी असते. वाईत दुपारी बाजारपेठेचे गाव जागे होते आणि घाटावर सावली शोधावी लागते. ज्यांना मराठी वाचनाची ओढ आहे त्यांना वाई वेगळ्या कारणाने जवळची वाटेल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच राहिले, प्राज्ञपाठशाळा इथली, आणि मराठी विश्वकोशाचे काम या छोट्या गावात बसून झाले.

चौघांत एखाद्याला सुट्टीत पेयपान लागत असेल तर आधीच सांगून ठेवा: १ एप्रिल २०२५ पासून महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वर यांच्यासह १९ ठिकाणी मध्य प्रदेश सरकारने दारूविक्री बंद केली आहे. घाटाजवळ जेवणही बहुतेक शाकाहारीच मिळते.

४. खोली: नावावर जाऊ नका, नकाशा बघा

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ‘वाई’ म्हणून दाखवलेली निम्मी ठिकाणे धोमच्या पाण्याकाठी, पाचगणी रस्त्यावर किंवा महामार्गाच्या बाजूला असतात. चित्रे सुंदर असतात, पण घाटावर जायला दर वेळी गाडी काढावी लागते. मग सकाळी सहाला उठून नदीवर जाणे होत नाही, कारण आळस येतो, आणि मुक्कामाचा हेतूच बुडतो. खोली घेताना नकाशावर ‘ढोल्या गणपती मंदिर, वाई’ टाका आणि पायी अंतर बघा. १२ मिनिटांच्या आत असेल तरच घ्या. घाटाजवळचे पर्याय साधे आहेत. स्वच्छ लॉज, गरम पाणी सकाळीच, जेवण बाहेर. त्यात गैर काही नाही.

महेश्वरला तीन पट्टे समजून घ्या. पहिला, किल्ल्याच्या दाराजवळचा उंचावरचा भाग. इथे गाडी दारापर्यंत येते, दृश्य चांगले, नदीवर जायला पायऱ्या. किल्ल्यातलेच होळकरांचे वारसा हॉटेल अतिशय महाग आहे. त्याच्या आसपासची छोटी घरगुती ठिकाणे परवडतात. दुसरा, नदीकाठचा पट्टा. इथे धर्मशाळा, लॉज आणि थोड्या अंतरावर राज्य पर्यटन महामंडळाचे नर्मदा रिसॉर्ट. पहाटे पाच वाजता देवळातला ध्वनिक्षेपक सुरू होऊ शकतो हे गृहीत धरा. पहाटे नदीवर जाणाऱ्यांना ते चालते, उशिरा उठणाऱ्यांना नाही. तिसरा, बसस्थानकाजवळचा बाजाराचा भाग. स्वस्त, पण रात्री वाहनांचा आवाज. एका रात्रीसाठी ठीक, तीन रात्रींसाठी नको.

‘रिव्हर व्ह्यू’ म्हटले की गच्चीवरून दिसते की खोलीच्या खिडकीतून, हे विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘गच्चीवरून’ असे येते.

५. वाईतला दिवस

सकाळी साडेसहाला गणपती आळीच्या घाटावर पोचा. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. मूर्ती एकाच दगडाची, विशाल. दर्शन घेऊन लगेच परतू नका, देवळाच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत सरळ नाही, माशाच्या आकारासारखी निमुळती होत गेलेली आहे. पुराचे पाणी येऊन भिडले की ते तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी वाहते आणि देवळावर सगळा दाब येत नाही. अडीचशेहून अधिक वर्षे हे देऊळ कृष्णेचे पूर अंगावर घेत उभे आहे ते याच रचनेच्या बळावर. शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७ चे, आनंदराव भिकाजी रास्ते यांचे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्ते घराण्याच्याच कन्या, म्हणून या घराण्याच्या खुणा वाईत जागोजागी दिसतात.

नऊच्या आत मेणवलीकडे चालत निघा. अंतर तीन किलोमीटर, रमतगमत पाऊण तास. गाडीने पाच मिनिटांत पोचता येते, पण ते करू नका. उसाची शेते आणि डोंगर बघत चालणे हाच या दिवसाचा गाभा आहे. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे नदीवर त्यांनीच बांधलेला घाट आहे. वाडा खासगी मालकीचा आहे, पाहण्याचे शुल्क आणि वेळ दारावर विचारून घ्या. घाटाजवळ एका छोट्या घुमटीत मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. वसईच्या मोहिमेत, १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून मिळालेल्या घंटांपैकी ती एक. तिच्यावर १७०७ हे साल कोरलेले आहे, जवळ जाऊन शोधा. मेणवलीत चित्रीकरणे वारंवार होतात आणि त्या दिवशी घाट अडवलेला असतो. आदल्या संध्याकाळी वाईतल्या रिक्षावाल्याला विचारले की कळते.

दुपारी झोपा. संध्याकाळी ब्राह्मणशाही किंवा रामडोहाच्या बाजूला जा, तिकडे गणपती आळीइतकी वर्दळ नसते. दुसऱ्या दिवशी हवे तर आठ-नऊ किलोमीटरवरच्या धोम गावात नृसिंहाचे आणि धोमेश्वराचे देऊळ बघा. तिथला नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसवलेला आहे आणि भोवती कुंड आहे. याहून जास्त काही आखू नका. वाईच्या पाण्यात मात्र उतरू नका. गावाजवळ पाणी अंघोळीच्या लायकीचे नाही.

बाजारातून हळद आणायची तर पूड घेऊ नका, हळकुंडे घ्या. एक मोडून बघा, आत गर्द नारिंगी रंग हवा. बाहेरून चकचकीत पिवळे आणि आतून फिके असेल तर वरून रंग चढवलेला असतो.

६. महेश्वरातला दिवस

पहाटे सहाला अहिल्या घाट. त्या वेळी कपडे धुणाऱ्या बाया, स्नान करणारे, पूजा करणारे यांचाच वावर असतो, पर्यटक नसतात. नर्मदेला इथे कुणी नुसते नावाने हाक मारत नाही, ‘मैया’ म्हणतात, आणि भेटलेल्या माणसाला ‘नर्मदे हर’ म्हटले की बोलणे आपोआप सुरू होते. स्नान करणार असाल तर पायरीवर बसून, तांब्याने. वरच्या धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की इथली पातळी चढते आणि ओढ वाढते. पोहता येणाऱ्यांनीही मध्यात जाऊ नये.

साडेआठच्या सुमारास वर राजवाड्यात या. इथे रोज सकाळी लिंगार्चन होते: मातीची बोटभर शिवलिंगे करून पाटांवर मांडतात, पूजा करतात आणि नर्मदेत विसर्जित करतात. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेली ही रीत आहे. नेमकी वेळ आदल्या दिवशी तिथल्या गुरुजींना विचारा, कारण ऋतूनुसार थोडी पुढेमागे होते. पूजा चालू असताना जवळून छायाचित्रे काढू नका. राजवाड्यातच अहिल्याबाईंची गादी आहे. ३१ मे १७२५ रोजी अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या चौंडीला जन्मलेल्या, १७६७ पासून कारभार पाहिलेल्या आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी इथेच देह ठेवलेल्या बाईंचे राहणे किती साधे होते, ते त्या गादीकडे पाहून समजते. आपल्याकडचा एखादा वाडा पाहिला असेल तर लाकडी खांब आणि चौक ओळखीचे वाटतील.

खाली उतरताना अहिल्येश्वराचे देऊळ आणि समोरची विठोजीची छत्री, म्हणजे स्मारक, यांना अर्धा तास द्या. यशवंतराव होळकरांचे भाऊ विठोजी यांना १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिले गेले. छत्रीच्या जोत्यावर कोरलेली हत्तींची रांग बघताना हे लक्षात असावे. पेशवे घाट आणि फणसे घाट ही नावे पुढे भेटतात. राजराजेश्वराच्या देवळात तुपाचे ११ नंदादीप अखंड तेवत असतात.

नाव संध्याकाळी घ्या, सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी. ठरवताना चार गोष्टी मोकळेपणी बोलून घ्या: पैसे माणशी की पूर्ण नावेचे, बाणेश्वराला नाव लावून थांबणार का, परत कुठल्या घाटावर सोडणार, आणि अंगरखे म्हणजे लाइफ जॅकेट आहेत का. हे आधी बोलले नाही की पाण्यात गेल्यावर दर बदलतो. इंजिनाच्या नावेपेक्षा वल्ह्याची मागा, वेळ जास्त लागतो आणि तोच हवा असतो. बाणेश्वर हे पात्राच्या मधल्या खडकावरचे छोटे देऊळ. पलीकडच्या काठावर नावडातोली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. आज तिथे बघण्यासारखे फार नाही, पण नावेतून तो काठ ओळखता यावा.

ज्यांनी नर्मदा परिक्रमेचा संकल्प केला आहे आणि ती पूर्ण व्हायची आहे त्यांनी नावेत बसू नये, बाणेश्वरालाही जाऊ नये, कारण परिक्रमावासीयाने नर्मदेचे पात्र ओलांडायचे नसते. हिवाळ्यात सागरसंगमाकडून उत्तर तटाने वर येणारे परिक्रमावासी घाटावर दिसतात, त्यांत मराठी माणसे पुष्कळ असतात. त्यांना काही द्यायचे असेल तर चहा किंवा शिधा विचारून द्यावा. बोलण्यात गुंतवून त्यांची मुक्कामाची वेळ चुकवू नये.

न्याहारीला पोहे-जिलेबी सगळीकडे मिळते. जेवणात दाल-बाफले एकदाच खा आणि दुपारी, कारण तुपात बुडवलेले हे कणकेचे गोळे रात्री जड पडतात. अंबाडीची भाजी आणि मक्याची किंवा ज्वारीची भाकरी मिळाली तर सोडू नका.

७. महेश्वरी साडी घेणार असाल तर

तिसऱ्या दिवसाआधी खरेदी करू नका. पहिले दोन दिवस नुसते माग बघा. गावात घरोघरी आणि रेहवा या हातमाग संस्थेसारख्या ठिकाणी विणकाम चालू असते, विचारले तर बघू देतात. महेश्वरीत बहुतेक वेळा उभे धागे रेशमाचे आणि आडवे सुताचे असतात, म्हणून ती हलकी असून पडते छान. खरी ओळख काठात आहे. पारंपरिक काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो, उलटा-सुलटा फरक कळत नाही. पदराला आडवे पट्टे असतात. घाटाच्या आणि किल्ल्याच्या दगडांवर जी चटई, वीट, हिरा अशी नक्षी आहे तीच काठात उतरलेली दिसते, म्हणून आधी किल्ला नीट पाहून मग दुकानात गेलात तर निवडायला सोपे जाते.

यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून विकली जाते. किनारीच्या कडेला मागाच्या पट्टीची बारीक छिद्रे आणि विणीत किंचित असमानता दिसली तर ती हातमागाची असण्याची शक्यता जास्त. पूर्ण एकसारखी, कडक आणि फार स्वस्त साडी असेल तर विचार करा. हातमागाची खूण असलेले लेबल आणि पक्की पावती मागा. साधी साडी विणायलाही काही दिवस जातात, तेव्हा किमतीत फार घासाघीस करणे बरे नाही.

८. नक्की करण्याचा क्रम

अजून ठरले नसेल तर असे करा. दोन रात्री, वडीलधारे सोबत, किंवा जुलै ते सप्टेंबर: वाई. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाच मोकळे दिवस, चढ-उतार जमणारी माणसे: महेश्वर, आणि मनात शंका नको. ऑक्टोबर आणि मार्च या महिन्यांत वाई सुरक्षित, महेश्वर चालेल. एप्रिल-मे मध्ये दोन्ही नको.

मग पंचांगात तिथी बघून आठवडा ठरवा. महेश्वर असेल तर आधी रेल्वेचे तिकीट, नंतर खोली. वाई असेल तर आधी खोली, कारण घाटाजवळच्या खोल्या थोड्या आहेत. इंदूरहून टॅक्सी दोन दिवस आधी ठरवा आणि परतीच्या दिवशीचीही त्याच वेळी. परतीची रेल्वे दुपारची असेल तर महेश्वरहून किमान पाच तास आधी निघा.

सामानात रबरी तळव्याच्या सपाता हव्यातच, चामडी चपला ओल्या दगडावर घसरतात. बसायला घडीची छोटी सतरंजी, पहाटेसाठी विजेरी, हिवाळ्यात स्वेटर आणि कानटोपी, नावेसाठी आणि न्याहारीसाठी १० ते ५० च्या सुट्या नोटा. प्रत्येक प्रौढ माणसाचे ओळखपत्र लॉजवर मागतात, एकाचे चालत नाही.

खोली नक्की करताना फोनवर विचारायचे प्रश्न इतकेच: घाटापर्यंत पायी किती मिनिटे, वाटेत पायऱ्या किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत, पहाटे साडेपाचला मुख्य दार उघडलेले असते का. शेवटचा प्रश्न विसरू नका. पुष्कळ लॉजचे दार सातपर्यंत बंद असते आणि चावीवाला झोपलेला असतो. आदल्या रात्री सांगून ठेवले तर तो उठून दार उघडतो.